डेन्मार्कचा पैसा: क्रोन, ओरे आणि भोकाची नाणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा कोपनहेगनला शिकायला निघाला, जावयाची ऑर्‌हूसला बदली झाली, किंवा युरोपच्या सहलीत दोन दिवस डेन्मार्क आहे, की तेच प्रश्न पुन्हा येतात. एकेकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळे एका जागी मांडले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. रुपयांतले आकडे फक्त अंदाजासाठी आहेत. ते कसे काढले हे प्रश्न ३ मध्ये सांगितलं आहे.

१. डेन्मार्क युरोपियन युनियनमध्ये आहे, म्हणजे तिथे युरो चालतो ना?

नाही. डेन्मार्क युनियनमध्ये आहे, पण चलन स्वतःचं: क्रोन. एक असेल तर क्रोन, जास्त असतील तर क्रोनर. एका क्रोनचे १०० ओरे. बँकेच्या कागदांवर याचा कोड डीकेके असतो.

पर्यटकांच्या गर्दीतली काही दुकानं युरोच्या नोटा घेतात, पण दर त्यांचा असतो आणि सुटे क्रोनरमध्ये मिळतात. भारतातून निघताना युरो घेतले म्हणजे डेन्मार्कचंही काम झालं, हा हिशेब चुकतो. युरो का नाही, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२. नाणी कोणकोणती आहेत आणि ओळखायची कशी?

सहा नाणी आहेत: ५० ओरे, १, २, ५, १० आणि २० क्रोनर. आपण आकारावरून किंमत ठरवायला जातो आणि इथेच फसतो. डेन्मार्कमध्ये आधी रंग बघायचा, मग आकार.

तांबूस नाणं एकच, ५० ओरेचं. ते साडेएकवीस मिलिमीटर रुंद आणि ४.३ ग्रॅम वजनाचं आहे. एक क्रोनचं नाणं त्याहून लहान, सव्वावीस मिलिमीटर आणि ३.६ ग्रॅम. म्हणजे अर्धा क्रोन हातात घेतला तर अख्ख्या क्रोनपेक्षा जड लागतो.

रुपेरी आणि मध्ये भोक असलेली तीन: १, २ आणि ५ क्रोनर. धातू तांबं-निकेलचा. यांच्यात मात्र किंमत वाढते तसा आकार वाढतो. पाचाचं नाणं साडेअठ्ठावीस मिलिमीटरचं, सहाही नाण्यांत सर्वांत रुंद.

सोनेरी आणि बिनभोकाची दोन: १० आणि २० क्रोनर. खरी किंमत इथे आहे. दहाचं नाणं २३.३५ मिलिमीटरचं, म्हणजे दोनाच्या नाण्यापेक्षाही लहान, पण ७ ग्रॅमचं आणि जाडसर. वीसचं २७ मिलिमीटर आणि ९.३ ग्रॅम. अंधारात चाचपून ओळखायचं असेल तर कड बघा: दहाची गुळगुळीत, वीसच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर खाचा.

नव्याने आलेले लोक मोठी रुपेरी नाणी जपून ठेवतात आणि छोटी सोनेरी नाणी सुटे म्हणून देऊन टाकतात. नेमकं उलट करायला हवं.

३. एक क्रोन म्हणजे किती रुपये?

रोज दर शोधत बसू नका. युरोचा भाव माहीत असेल तर त्याला ७.४६ ने भागा, झाला क्रोनचा भाव. हा भागाकार आज, उद्या आणि पुढच्या वर्षीही जवळपास तोच राहील. कारण प्रश्न १४ मध्ये.

युरो ९० रुपयांना असेल तर क्रोन साधारण १२ रुपये. युरो १०० ला असेल तर १३ रुपये ४० पैसे. हा दुसरा दर धरला तर ५० ओरे म्हणजे पावणेसात रुपये, पाचाचं नाणं ६७ रुपये, दहाचं १३४ आणि वीसचं २६८ रुपये. सहाही नाणी एकेक करून खिशात टाकली की साडेअडतीस क्रोनर होतात, म्हणजे पाचशे रुपयांच्या वर.

आपल्याकडे नाणं म्हणजे चिल्लर. देवघरापुढच्या वाटीत, गाडीच्या कप्प्यात, पँटबरोबर धुण्यात. डेन्मार्कहून परत आलेल्यांच्या ड्रॉवरमध्ये हमखास मूठभर नाणी निघतात आणि मोजली तर घरच्या दोघांच्या जेवणाचा खर्च निघेल एवढी रक्कम असते. सोनेरी नाण्याला नोटेचा मान द्या, एवढंच सांगणं.

४. नोटा कोणत्या?

५०, १००, २०० आणि ५०० क्रोनर. उंची सगळ्यांची ७२ मिलिमीटर, लांबी मात्र पायरीपायरीने १० मिलिमीटरने वाढते: पन्नासची १२५, पाचशेची १५५. एका बाजूला डेन्मार्कमधला एखादा पूल, दुसऱ्या बाजूला उत्खननात सापडलेली वस्तू. शंभराच्या नोटेवर जुना लिटल बेल्ट पूल आणि हिंड्सगाव्लचा गारगोटीचा खंजीर आहे. ही मालिका २००९ ते २०११ या काळात टप्प्याटप्प्याने आली. पूर्वीच्या नोटांवर माणसांचे चेहरे असायचे. तुमच्याकडच्या नोटेवर चेहरा असेल तर लगेच पुढचा प्रश्न वाचा.

५. सासऱ्यांनी जपून ठेवलेली १००० क्रोनरची नोट आहे. चालेल का?

दुकानात नाही. ३१ मे २०२५ नंतर हजाराची नोट, कुठल्याही मालिकेची, चलनातून बाद झाली. त्याच दिवशी २००९ च्या मालिकेआधीच्या सगळ्या नोटाही बाद झाल्या. त्यानंतर त्या बदलून द्यायचं काम फक्त डेन्मार्कच्या मध्यवर्ती बँकेकडे, नॅशनलबँकेकडे गेलं आणि तेही मर्यादित मुदतीसाठी. तेव्हा थेट त्यांच्याकडे विचारा. ‘निम्म्या भावात घेतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे जाऊ नका.

या निर्णयाने डॅनिश लोकही चकित झाले होते. १९४५ च्या जुलैमध्ये, जर्मन ताबा संपल्यावर, युद्धात काळा पैसा केलेल्यांना पकडण्यासाठी तिथे सगळ्या नोटा बदलल्या गेल्या. त्यानंतर निघालेली प्रत्येक नोट २०२५ पर्यंत चालत होती. आपल्याला २०१६ ची रात्र आठवते. तिथे लोकांना दीड वर्षाच्या आसपास आधी सांगितलं होतं.

६. पाटीवर १.२५०,- लिहिलंय. म्हणजे सव्वा क्रोन?

नाही, बाराशे पन्नास. तिथे टिंब हजारांसाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी, म्हणजे आपल्या नेमकं उलट. १.२५०,५० म्हणजे बाराशे पन्नास क्रोनर आणि पन्नास ओरे. स्वल्पविरामानंतरची आडवी रेघ म्हणजे ओरे शून्य. २०,- म्हणजे नेमके वीस.

बँकेच्या ॲपमध्ये रक्कम टाकताना ही चूक महागात पडते. तिथे टिंब टाकायचंच नाही, १२५० असं सरळ लिहावं.

पाटीवरच्या किमतीत २५ टक्के मूल्यवर्धित कर आधीच धरलेला असतो. काउंटरवर वर काही लागत नाही. टिप द्यायची सक्तीही नाही.

७. काउंटरवरची मुलगी रक्कम सांगते ती कळतच नाही. काही युक्ती?

पडद्यावरचा आकडा बघा, ही पहिली युक्ती. पण कान तयार करायचा असेल तर मराठी माणसाला यात एक सोय आहे. ते एकं आधी आणि दहं नंतर म्हणतात, जसं आपण ‘पंच-वीस’ म्हणतो. त्यांचंही ‘पाच आणि वीस’. पन्नासच्या पुढे मात्र विसांची मोजणी सुरू होते. पन्नास म्हणजे हालत्रेस, अडीच विसा. साठ म्हणजे त्रेस, तीन विसा. सत्तर हालफ्येर्स, साडेतीन विसा. ऐंशी फीर्स, नव्वद हालफेम्स. बाजारात विसाने मोजणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पटकन जमेल. उच्चार मी कानाला लागतात तसे लिहिलेत. डॅनिश माणूस यातली निम्मी अक्षरं गिळतो.

बोलण्यात दहाच्या नाण्याला ‘टीअर’ म्हणतात. पाचशेच्या नोटेला ‘प्लौमॅन’, म्हणजे नांगऱ्या, कारण फार पूर्वीच्या पाचशेच्या नोटेवर नांगरणारा शेतकरी होता. शेतकरी नोटेवरून गेला, नाव राहिलं.

८. पाच ओरेचं नाणंच नाही, मग २४,९५ ला असलेली वस्तू रोखीने कशी घ्यायची?

एकूण बिल जवळच्या ५० ओरेंपर्यंत नेतात. शेवटचे १ ते २४ ओरे सोडून दिले जातात, २५ ते ७४ असतील तर ५० धरतात, ७५ पासून पुढे पूर्ण क्रोन. म्हणजे २४,९५ चे २५ द्यायचे, २४,७० चे साडेचोवीस, २४,२० चे चोवीस.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गोळाबेरीज अख्ख्या बिलाची होते, एकेका वस्तूची नाही. आणि कार्डाने दिले तर गोळाबेरीज होतच नाही, २४,९५ च कापले जातात. त्यामुळे बिलात एक आकडा आणि बँकेच्या नोंदीत दुसरा दिसला तर फसवणूक समजू नका. रोखीची आणि कार्डाची पावती मिसळली असेल.

९. मग ५० ओरेचं नाणं ठेवलंय तरी कशाला?

याच गोळाबेरजेसाठी. आणि बाटल्यांसाठी. तिथे शीतपेयाच्या, पाण्याच्या, बिअरच्या बाटल्यांवर अनामत असते, तिला ‘पँट’ म्हणतात. बाटलीवर अ, ब, क असे तीन वर्ग छापलेले असतात (त्यांच्या लिपीत). ‘अ’ वर्गाला, म्हणजे डबे आणि काचेच्या लहान बाटल्यांना १ क्रोन; ‘ब’ला, प्लॅस्टिकच्या लहान बाटल्यांना दीड क्रोन; ‘क’ला, एक लिटर आणि त्यावरच्यांना ३ क्रोनर. सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटल्या सरकवायच्या, चिठ्ठी घ्यायची, काउंटरवर दाखवायची. बिलातून वजा होतात किंवा रोख मिळतात.

पाण्याच्या बाटलीची किंमत पाटीवर वेगळी आणि बिलात वेगळी दिसली तर फरक या अनामतीचा असतो. विद्यार्थ्यांनी बाटल्या कचऱ्यात टाकू नयेत. मोठी एक बाटली म्हणजे प्रश्न ३ च्या दराने चाळीस रुपये.

१०. नाण्यांना भोक का?

हाताला कळावं म्हणून. दृष्टिहीन माणसाला, म्हाताऱ्या माणसाला, घाईत खिशात हात घालणाऱ्याला भोक लागलं की समजतं, हे रुपेरी कुटुंब, किंमत पाचापर्यंत. आजची रचना १९८९ पासूनच्या काही वर्षांत बसवली: तांबूस ओरेंचा, भोकाचा रुपेरी लहान क्रोनरचा, भरीव सोनेरी मोठ्या क्रोनरचा. वीसचं नाणं १९९० मध्ये पहिल्यांदा आलं.

भोक ही कल्पना मात्र जुनी आहे. २५ ओरेचं भोकाचं नाणं १९२४ पासून होतं. आपल्याकडेही १९४३ ते १९४७ या काळात भोकाचा पैसा होता, पण त्याचं कारण निराळं: युद्धात तांबं वाचवायचं होतं. डेन्मार्कने त्याच युद्धात तांबं वाचवायला जस्त आणि ॲल्युमिनियमची नाणी पाडली.

११. राणी मार्ग्रेथे यांनी गादी सोडली. त्यांच्या चेहऱ्याची नाणी बाद झाली का?

अजिबात नाही. १४ जानेवारी २०२४ ला राजे फ्रेडरिक दहावे गादीवर आले, पण राणीची नाणी पूर्ण किमतीने चालतात. राजा बदलल्याने नाणं बाद होत नाही.

याच्या जोडीचा दुसरा प्रश्न: ‘दहाच्या नाण्यावर मत्स्यकन्या आहे, नकली तर नाही?’ नाही. २००५ ते २००७ मध्ये अँडरसनच्या परीकथांवरची दहाची पाच नाणी निघाली. मत्स्यकन्या आणि कुरूप बदकपिल्लू त्यातलेच. त्याच्या आसपास ध्रुवप्रदेशावरची मालिका आली, तीत पांढरं अस्वल आहे. वीसच्या नाण्यांवर बुरूज आणि जहाजं आली, २०१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर. दुसरी बाजू आणि धातू नेहमीचाच असतो. ही चलनातली नाणी आहेत, किंमत छापली आहे तेवढीच. ‘दुर्मीळ’ म्हणून ऑनलाइन दसपट भावाने विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. मुलांना गोळा करायला मात्र मजा येते.

१२. २५ ओरे, १० ओरे अशी जुनी नाणी सापडली. काही मिळेल?

बँकेत काही नाही. १ आणि २ ओरे १९७३ मध्ये गेले, ५ आणि १० ओरे १९८९ मध्ये, २५ ओरे १ ऑक्टोबर २००८ ला. बदलून घ्यायची मुदतही कधीच संपली. ही संग्रहाची नाणी आहेत, आणि बहुतेक इतकी मुबलक निघाली होती की संग्राहकही फार देत नाहीत.

अपवाद सोन्याचा. १८७३ पासून पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत १० आणि २० क्रोनरची सोन्याची नाणी पाडली गेली. तेव्हा एक किलो शुद्ध सोन्याचे २४८० क्रोनर असा कायदाच होता, त्यामुळे वीसच्या नाण्यात ८ ग्रॅमच्या किंचित वर सोनं आहे. असं नाणं असेल तर ते सोन्याच्या भावाने मोजा.

त्याआधी रिग्सडालर आणि स्किलिंग चालत. एका रिग्सडालरचे ९६ स्किलिंग. १८७५ पासून रिग्सडालरचे दोन क्रोनर झाले आणि हिशेब शंभराचा झाला. आपल्याकडे सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे व्हायला १९५७ उजाडलं.

१३. दुकानदार माझी नाणी नाकारू शकतो का? आणि रोख लागतेच का मुळात?

एका व्यवहारात एकाच किमतीची २५ पेक्षा जास्त नाणी घ्यायची सक्ती कुणावर नाही. म्हणजे एक क्रोनची पंचवीस नाणी दिलीत तर घ्यावी लागतील, सव्विसावं नाकारता येईल. बरणी भरून नाणी घेऊन गेलात तर विक्रेता हसून नको म्हणेल आणि कायदा त्याच्या बाजूने असेल.

रोख रक्कमच नाकारायचं म्हणाल तर, जिथे विक्रेता हजर आहे अशा दुकानाने सकाळी ६ ते रात्री १० रोख घ्यायला हवी. रात्री १० नंतर नाकारायची सूट २०१८ पासून आहे, कर्मचाऱ्यांना लुटीची भीती नको म्हणून. जिथे लुटीचा धोका जास्त मानला जातो तिथे आणखी लवकर. बिनमाणसाची दुकानं आणि ऑनलाइन विक्री या नियमाबाहेर.

व्यवहारात मात्र कार्डावर सगळं भागतं. डॅनिश लोक फोनवरच्या मोबाइलपेने पैसे पाठवतात, अगदी रस्त्याकडेच्या जुन्या सामानाच्या विक्रीतही. ते तिथलं बँक खाते आणि ओळखक्रमांक असल्याशिवाय चालत नाही, म्हणून चार दिवसांच्या पाहुण्याने दोन-तीनशे क्रोनर रोख जवळ ठेवावेत. एटीएम किंवा कार्डाचं यंत्र ‘रुपयांत घेऊ का क्रोनरमध्ये’ असं विचारतं; नेहमी क्रोनर निवडा. रुपये निवडले की यंत्रवाल्याचा दर लागतो आणि तो वाईट असतो.

१४. युरोच्या इतकं चिकटून राहायचं तर युरोच का नाही घेतला?

लोकांनी नाही म्हटलं म्हणून. १९९२ च्या सार्वमतात मास्ट्रिक्ट करार, म्हणजे युरोपियन युनियन आणि सामायिक चलनाचा करार, फेटाळला गेला, मग डेन्मार्कला सामायिक चलनातून सूट मिळाली आणि १९९३ मध्ये लोकांनी होकार दिला. २८ सप्टेंबर २००० ला युरोवर वेगळं सार्वमत झालं, त्यात ५३ टक्क्यांच्या आसपास मतं विरोधात पडली.

पण चलन वेगळं ठेवूनही दर मोकळा सोडलेला नाही. १०० युरोला ७४६.०३८ क्रोनर हा मधला दर ठरलेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सव्वादोन टक्क्यांपर्यंतच हलायची मुभा आहे. प्रत्यक्षात तेवढाही हलत नाही. क्रोन महाग होऊ लागला की नॅशनलबँक क्रोनर विकून युरो घेते, स्वस्त होऊ लागला की उलट. त्याने भागलं नाही तर व्याजदर. २०१५ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडने आपल्या फ्रँकची युरोशी बांधलेली गाठ सोडली, तेव्हा आता डेन्मार्कही सोडणार म्हणून लोक धडाधड क्रोनर घेऊ लागले. नॅशनलबँकेने ठेवींवरचा दर उणे पाऊण टक्क्यापर्यंत नेला, म्हणजे क्रोनर ठेवायचे तर वर पैसे भरा. गाठ टिकली.

माझ्या मते हा सौदा थोडा विचित्रच आहे. व्याजदर ठरवायचं स्वातंत्र्य जवळपास सोडलं, हातात राहिलं ते स्वतःचं नाणं आणि त्यावरचा स्वतःचा राजा. पण डॅनिश माणसाला विचारा, तो याला तोटा मानत नाही.

१५. स्वीडन, नॉर्वेतही क्रोनरच. तिथली नाणी इथे चालतात का?

एके काळी चालत. १८७३ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनने चलनसंघ केला, १८७५ मध्ये नॉर्वे आला, आणि तिन्ही देशांत एकमेकांची नाणी बरोबरीने फिरत. पहिल्या महायुद्धाने ते मोडलं. आता तिन्ही चलनं स्वतंत्र आहेत, आणि तिन्हींत भारी डॅनिश. रेल्वेने माल्मोला जाऊन आलात तर स्वीडिश सुटे वेगळ्या खिशात ठेवा. नॉर्वेच्या १ आणि ५ च्या नाण्यांनाही भोक आहे, तेव्हा सहलीत तिथूनही आला असाल तर नीट बघा.

ग्रीनलंडमध्ये डॅनिश नोटा-नाणीच चालतात. फेरो बेटांच्या नोटा वेगळ्या, नाणी मात्र डॅनिश. दोन्हींची किंमत एकास एक, पण फेरोची नोट कोपनहेगनच्या दुकानात घेतीलच असं नाही. बेटांवरून निघण्याआधी बदलून घ्या.

१६. उरलेली नाणी भारतात आणली तर बदलून मिळतील? आणि जवळ ठेवणं कायद्यात बसतं का?

आपल्याकडचे चलन बदलणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सुपरमार्केटमध्ये आधी नाणी द्या, उरलेलं कार्डाने. २५ ची मर्यादा प्रश्न १३ मध्ये आहे.

कायद्याचं म्हणाल तर परदेशी नाणी कितीही ठेवा, भारतात राहणाऱ्यावर त्यांची मर्यादा नाही. मर्यादा नोटांना आहे: परतल्यावर २००० अमेरिकी डॉलरच्या किमतीपर्यंत ठेवता येतात, वरच्या १८० दिवसांत जमा कराव्या लागतात.

१७. तमिळनाडूच्या सहलीत ‘डॅनिश नाणं’ म्हणून एक विकत घेतलं. हे असू शकतं?

असू शकतं. तरंगमबाडी, डॅनिश कागदांतलं त्रांकेबार, १६२० ते १८४५ डेन्मार्ककडे होतं. तिथला डान्सबोर्ग किल्ला अजून उभा आहे. बंगालमधलं श्रीरामपूरही १७५५ पासून त्यांच्याकडे होतं. १८४५ मध्ये दोन्ही ईस्ट इंडिया कंपनीला विकली. तरंगमबाडीत ते आपली नाणी पाडत: ‘कास’, आधी शिशाचे, पुढे तांब्याचे, एका बाजूला राजाच्या नावाची गुंफलेली अक्षरं. ८० कासांचा एक रोयालिन किंवा फनम, आणि ८ रोयालिनांचा रुपया.

नकलाही भरपूर आहेत, त्यामुळे नाणेसंग्राहकांच्या मंडळात दाखवा. चिंच-मीठ लावून घासू नका. झळाळी येते आणि किंमत जाते. आणि खरं निघालं तर डेन्मार्कमधल्या मित्राला भेट म्हणून बॅगेत टाकू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं भारतीय कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही.